गोकुळभाऊंचा ळ

मलकापूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी गोकुळभाऊ माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "संजीवनी, मलकापूरले म्या दाताच्या डाक्टरची पाटी लिहिली होती का वं?"

माझं झेरॉक्स मशीन त्या वेळी कोणाचा तरी सातबारा गिळून बसलं होतं. मी झाकण उघडून कागद ओढत होते, आणि अशा वेळी मला कोणी देवळाचा रस्ता विचारला तरी मी सरळ सांगत नाही. म्हटलं, "भाऊ, पाटी तुमची, हात तुमचा. मला काय विचारता?"

ते उठून आपल्या टपरीत गेले. त्यांनी चहा मागितला नाही, हे माझ्या लक्षात आलं ते संध्याकाळी.

चिखलीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्याला लागून पत्र्याची टपरी आहे ती गोकुळ पेंटरची. सदुसष्ट वर्षांचा माणूस. पन्नास वर्षं त्यांनी या तालुक्याची नावं लिहिली. किराणा, क्लॉथ, सलून, मेडिकल, हॉटेल, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम आटलं, पण बंद पडलं नाही. खेड्यातल्या लोकांना अजून वाटतं की फ्लेक्स फाटतो, भिंत फाटत नाही.

त्यांच्या अक्षराला कुठे कोपरा नाही. रेघ निघते तिथे जेवढी जाड, संपते तिथेही तेवढीच, आणि तिचा शेवट गोल. चूल सारवताना बाई कडेवरून हात फिरवते ना, तसा. डोक्यावरची आडवी रेघसुद्धा दोन्ही टोकांना गोल. पाठ्यपुस्तकातलं अक्षर इथे जाड, तिथे बारीक, टोकाला तासलेलं असतं. भाऊंच्या अक्षरात ती भानगडच नाही. आमच्याकडे त्याला बिनशिंग्या अक्षर म्हणतात. त्यांचे उस्ताद म्हणे सांगायचे, "अक्षर को सींग नहीं होना बेटा, पढ़नेवाले को चुभता है." मला भाऊंनीच एकदा खरं कारण सांगितलं होतं. खेड्यातली भिंत खडबडीत. टोकदार कोपरा काढला की रंग तिथूनच पोपडे धरतो. गोल टोकावर पाणी थांबत नाही, म्हणून पाटी दोन वर्षं जास्त जगते. बाकी उस्तादांचं बोलणं झालं शोभेचं.

शोभेचं असलं तरी खोटं नव्हतं. लहान मुलांच्या डॉक्टरने भाऊंकडूनच पाटी लिहून घ्यायची, असा रिवाज होता. गोल अक्षरात 'बालरुग्णालय' लिहिलं की सुई कमी दुखेल असं वाटतं. अंगणवाडी, आइस्क्रीम, बारसं, गिरणी, सगळीकडे ते अक्षर चालायचं. फक्त पुढारी ते घेत नसत. पुढाऱ्यांना शिंगं लागतात.

उस्तादांनी आणखी एक शिकवण दिली होती, ती भाऊंनी जन्मभर पाळली. पाटी ज्याची, नाव त्याचं. त्यामुळे दुसरे पेंटर कोपऱ्यात आपलं नाव टाकतात तसं भाऊंनी कधी टाकलं नाही. एवढ्या तालुक्याची नावं लिहिली, स्वतःचं एकदाही नाही.

चार दिवसांनी ते पुन्हा आले. हातात बारशाची पत्रिका होती, त्यांच्या गल्लीतलीच.

"हे म्या लिहिली?"

"अहो, ती मी कम्प्युटरवर केलीय."

"मंग माहं अक्षर कम्प्युटरात कसं गेलं?"

मी पत्रिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. "सगळी गोल अक्षरं सारखीच दिसतात हो भाऊ." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःचा राग येतो. पन्नास वर्षं अक्षर काढलेल्या माणसाला मी सांगत होते की अक्षरं सारखीच दिसतात.

मग त्यांना ते सगळीकडे दिसायला लागलं. संग्रामपूरला साडूकडे गेले, तर तिथे बियाण्याच्या पोत्यावर. एसटीत बसले, तर पुढच्या सीटच्या पाठीवर चिकटवलेल्या क्लासच्या जाहिरातीत. दवाखान्यात, 'हात धुवा' म्हणून लावलेल्या कागदावर. प्रत्येक ठिकाणी त्यांचाच हात, आणि कुठलंही त्यांना आपण लिहिल्याचं आठवेना.

दुसऱ्या कोणाला ही गंमत वाटली असती. भाऊंना का वाटली नाही, ते मला आशाबाईंनी सांगितलं. आशाबाई म्हणजे त्यांची बायको. बोलायला लागल्या की दम घ्यायला विसरतात, पण त्या दिवशी तुटक तुटक बोलत होत्या.

"रात-दिस एकच. मले म्हंते, आशा, मी मलकापूरले पाटी लिहाले कवा गेलतो सांग. म्या म्हतलं तुमी गेलेच नाई. तं म्हंते, तुलेबी याद नाई राह्यली. संजीवनी, त्याईले किसनरावाचं भेव वाटते वं."

किसनराव हे भाऊंचे थोरले भाऊ. शेवटची तीन वर्षं ते आपल्या बायकोला "तुमी कोन्या गावच्या?" असं विचारत होते, तेही अगदी आदबीने. पण सुरुवात तिथून झाली नव्हती. सुरुवात झाली ती शेतात. एका दुपारी आपल्याच वावराच्या बांधावर उभे राहून ते गोकुळभाऊंना म्हणाले होते, "हे वखरन कोनं करून ठेवलं रे? चांगलं केलं." वखरणी त्यांनी स्वतः सकाळी केली होती.

हे ऐकल्यावर मला भाऊंचा पहिला प्रश्न कळला. ते मला पाटीचं विचारतच नव्हते. आपलं डोकं जाग्यावर आहे की नाही, हे विचारत होते. आणि मी म्हणाले होते, मला काय विचारता.

म्हणून मी एक शहाणपणा केला. त्यांच्या मोबाइलमध्ये मलकापूरच्या त्या दातांच्या दवाखान्याचा फोटो होता, तो माझ्या कम्प्युटरवर मोठा करून दाखवला. म्हटलं, आता बघा, सारखं दिसतं पण सारखं नसतं, कुठेतरी फरक सापडेलच. भाऊंनी टपरीतून जुना पत्रा आणला आणि माझ्यासमोर त्यावर लिहिलं, रूट कॅनल. हात अजिबात थरथरला नाही. मग आम्ही दोघांनी पाहिलं. 'ट'चं पोट तेवढंच. 'क'चा डावा फुगवटा उजव्यापेक्षा जरा खाली, तोही तसाच. 'रू'च्या शेपटीचं टोक तंतोतंत तिथेच वळलेलं.

माझी मान आपोआप खाली गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"म्याच लिहिली हाये," भाऊ म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "आन् मले मालूम नाई."

मला काहीतरी बोलायचं होतं. बोलले काय, तर "वय झालं की होतं असं भाऊ." एवढं बोलण्यापेक्षा मी त्यांच्या अंगावर रंगाचा डबा ओतला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले सगळे ब्रश बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या टेबलावर आणून ठेवले. "हे तुयाजवय ठेव. म्या मांगतले तरी देऊ नको."

"का पण?"

"ज्याले आपून काय लिहिलं हे याद नाई, त्याच्या हातात ब्रश नाई पायजे. उद्या कोनाच्या भितीवर काय लिहून जाईन, सांगता येते का?"

ही भीती काही हवेतली नव्हती. तिला एक गोष्ट होती, आणि ती चिखलीत अनेकांना माहीत आहे. भाऊ अठरा वर्षांचे होते तेव्हा त्यांना पहिलं मोठं काम मिळालं. सावरटेक गावच्या शाळेची भिंत. आता आमच्या वऱ्हाडी तोंडात ळ राहत नाही, त्याचा य होतो. आम्ही डोया म्हणतो, सकाय म्हणतो, बायाले दूध पाजतो आणि पोरं शायेत धाडतो. भाऊंनी जसं तोंडात होतं तसं भिंतीवर उतरवलं. फूट फूट उंचीच्या निळ्या अक्षरांत लिहिलं, 'जिल्हा परिषद प्राथमिक शाया'. सगळं गाव येऊन बघून गेलं. कोणाला काही वावगं दिसलं नाही. गावही 'शाया'च म्हणत होतं. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर रजेवरून आले आणि त्यांनी भिंतीकडे पाहून कपाळावर हात मारला.

भाऊंनी य खरवडला. पण शेजारची अक्षरं तर वाळलेली. यच्या जागेत ळ मावेना. ळला दोन गोळे लागतात. डावा गोळा ऐसपैस काढून झाला आणि उजव्याला जागाच उरली नाही, म्हणून तो बारका काढून कसाबसा कान्याला खेटवला. मोठा गोळा आणि त्याला बिलगलेला लहान गोळा, जसं कडेवर लेकरू. त्यानंतर भाऊंनी जिथे जिथे ळ लिहिला तो असाच लिहिला, जागा असो की नसो. मी एकदा विचारलं होतं, आता तर भिंत मोकळी आहे, सारखे काढा की. तर म्हणाले, "चूक याद राह्यली पायजे."

म्हणून मी सांगते की ते भीत होते ते साध्या विसरण्याला नाही. पुन्हा भिंतीवर 'शाया' लिहून जाऊ आणि या वेळी आपल्याला कोणी सांगणारही नाही, याला भीत होते.

आणि नेमकं त्याच महिन्यात सावरटेकच्या शाळेची नवी इमारत झाली.

मुख्याध्यापिका पुष्पांजली मॅडम स्वतः आल्या. गावाने ठराव केला होता की नाव गोकुळ पेंटरच लिहील. भाऊ नाही म्हणाले. मॅडम दुसऱ्यांदा आल्या, भाऊ टपरीच्या मागच्या बाजूने निघून गेले. तिसऱ्या वेळी मॅडम थेट माझ्या दुकानात शिरल्या, दमलेल्या. म्हणाल्या, "ताई, पुढच्या आठवड्यात साहेब येणार आहेत. आता फ्लेक्सच करून द्या. निदान अक्षर तरी काकांच्यासारखं गोल असू द्या, म्हणजे गावकरी मला खाणार नाहीत."

मी टाइप करायला बसले. तेवढ्यात भाऊ आले, मॅडमना बघून परत वळणार, पण त्यांची नजर स्क्रीनवर गेली आणि पाय थांबले. शाळेचं नाव होतं ना. ते माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. मी गोल अक्षर निवडलं, मोठं केलं, निळा रंग दिला. जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, सावरटेक.

मागून आवाज आला, "हा य कोनाचा हाये?"

"कुठला य, भाऊ? या आख्ख्या ओळीत य नाहीच."

"हाये ना. हा."

"अहो, जिल्हा, परिषद, प्राथमिक... कुठे आहे य?" मला वाटलं, गेलं. आता अक्षरंही जायला लागली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे.

भाऊंनी पुढे वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं, रंगाने नख कायमचं निळं झालेलं बोट. ते 'शाळा'मधल्या ळवर होतं.

"हा. शायेतला. हा माहा नाई." त्यांचं बोट आता बाकीच्या अक्षरांवरून फिरलं. "बाकी सगये माहे हायेत. हा ज माहा, हा ष माहा, हा प्रा तं आयमायसकट माहा. पन हा नाई. याचे दोनी गोये सारके हायेत, पाह्य. म्या जिंदगीत असा काढला नाई. संजीवनी, हे म्या नाई लिहिलं! हे दुसऱ्या कोनाचं हाये!"

आणि तो माणूस माझ्या स्टुलावर बसून रडायला लागला. मॅडम घाबरल्या. त्यांना वाटलं फ्लेक्स केल्याचं काकांना वाईट वाटलं. मीही सांगायच्या मनःस्थितीत नव्हते. मला आत्ता कुठे उजेड पडत होता.

मी हे अक्षर गेलं वर्षभर वापरत होते. इंटरनेटवरून फुकट मिळालेलं. शेकडो फॉन्ट उतरवलेले असतात, त्यांतलं हे डोळ्याला ओळखीचं वाटलं म्हणून मी रोज वापरायला लागले. ओळखीचं का वाटतं, असं मी माझ्या डोळ्याला विचारलं नाही. ती बारशाची पत्रिका याच अक्षरात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आता मी यादीतलं त्याचं नाव वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं, गोकुळ. हे नाव मी वर्षभर माउसने दाबत होते. पण गोकुळ नावाचं काय नसतं हो? दूध असतं, लॉज असतं, मंगल कार्यालय असतं. शेजारचा माणूसही गोकुळ आहे, हे डोक्यात यायला डोकं लागतं.

फॉन्टच्या माहितीच्या पानावर दोन ओळी होत्या. 'चिखली येथील पाटीकार गोकुळकाका यांच्या हस्ताक्षरावरून. रचना : समीक्षा.' खाली पुण्याचा फोन नंबर.

मी मोठ्याने वाचलं. भाऊंनी डोळे पुसले. मग हळूहळू म्हणाले, "ते फोटोवाली पोट्टी?"

आठ वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, कॉलेजचं काम आहे म्हणून. दोन दिवस गावभर पाट्यांचे फोटो काढत फिरली, आशाबाईंच्या हातची भाकरी खाल्ली, आणि जाताना भाऊंकडून मोठ्या कागदांवर सगळी बाराखडी लिहून घेतली. एका छापील कागदावर पेनाने गिचमिड सहीही घेतली. भाऊंना वाटलं ती परीक्षेला लावणार. मलाही ती आठवली. मी तिला दोन झेरॉक्स फुकट दिल्या होत्या. म्हणजे विसरलो तर आम्ही दोघंही होतो, पण ते साधं, माणसाचं विसरणं होतं.

मी तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मुलगी आनंदाने ओरडलीच. म्हणाली, फॉन्ट पूर्ण व्हायला काही वर्षं गेली, झाल्यावर काकांना लिंक पाठवली होती. भाऊंच्या पुतण्याने त्यांना बजावून ठेवलं होतं की लिंक उघडायची नसते, त्यामुळे ती तशीच पडून होती. हजारो लोक ते अक्षर वापरतात, ती सांगत होती. दवाखाने, शाळा, बियाण्यांच्या कंपन्या. लोकांना ते मायेचं वाटतं म्हणे.

"बाई," भाऊंनी तिला मध्येच थांबवलं, "मले एक सांग. ते मलकापूरची पाटी मंग लिहिली कोनं? म्या, का तुनं, का मशीननं?"

ती गडबडली. "म्हणजे... अक्षर तुमचं आहे काका. फॉन्ट मी केला. आणि पाटी ज्याने केली त्याने."

"म्हंजे मी तिथं होतो का नाई?"

मी मॅडमकडे पाहिलं, तर त्या शिकलेल्या, पण पंख्याकडे बघत होत्या.

मग मी ळचं विचारलं. मुलगी हसली. "तो माझाच आहे. काकांनी ह नंतर एकदम क्ष लिहिला होता, ळ राहूनच गेला. माझ्या लक्षात आलं ते पुण्याला पोचल्यावर. फोटोंमध्ये शोधला, पण पाट्यांवर ळ सापडतच नाही हो! क्लॉथ, मेडिकल, हॉटेल, जनरल स्टोअर्स. मग काकांना फोन केला, म्हटलं ळ राहिला. काका म्हणाले, य देल्ला ना बाई तुले. मी म्हटलं, य नाही, ळ. ते म्हणाले, हाव, तोच ना, य. आणि कागदावर लिहून फोटो पाठवला. बघते तर य! असं तीनदा झालं. मला काही कळेचना. शेवटी मीच एक काढला, दोन्ही गोल सारखे."

मला हसू आवरेना. मॅडमही हसल्या. भाऊ मात्र हसले नाहीत, ते लक्ष देऊन ऐकत होते.

"काका, आता तरी द्या," ती म्हणाली. "तुमच्या नावात तोच आहे, आणि तोच तुमचा नाही, हे मला इतकी वर्षं खुपतंय. एक ळ लिहून फोटो पाठवा. मी नवीन आवृत्ती काढते. मग सगळं अक्षर तुमचं होईल."

मी तोवर स्क्रीनवर मोठ्ठं 'गोकुळ' टाइप केलं होतं. भाऊंनी स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. गो त्यांचा, कु त्यांचा, आणि शेवटी ते दोन सारखे, परके गोळे. माझ्या मनात आलं, आता हा माणूस ब्रश मागणार. मी डबा पुढे सरकवलासुद्धा.

"य देल्ला ना बाई तुले," भाऊ म्हणाले.

"काका, य नाही! ळ! कमळाचा ळ!"

"हाव ना. कमयाचा य. तवाच देल्ला." आणि त्यांनी माझ्या हातून फोन घेऊन ते लाल बटण स्वतः दाबलं.

मी चिडले. एवढी चांगली मुलगी, जगभर नाव करतेय, आणि हा म्हातारा तिला वेडं बनवतोय! "भाऊ, तुम्हाला सगळं कळलं होतं. मग का दिला नाही?"

ते डब्यातले ब्रश एक एक काढून अंगठ्यावर घासून बघत होते. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं, आणि ते बघून माझा राग कुठे टिकणार.

"सगयंच देऊन टाकलं," ते म्हणाले, "तं उद्या भितीकडं पाह्यल्यावर मले कसं समजन वं, म्या लिहिलं का दुसऱ्यानं? एक तं वयखाले राहू दे."

सावरटेकला मी त्यांच्याबरोबर गेले. दुकान बंद ठेवून गेले, असं मी कधी करत नाही. पिवळ्या भिंतीवर खडूची दोरी मारून त्यांनी दोन रेघा आखल्या आणि सकाळपासून शिडीवर होते. सगळं नाव झालं. ळपाशी आले तेव्हा मी शिडीच्या अगदी खाली जाऊन उभी राहिले. डावा गोळा ऐसपैस आला. उजवीकडे हातभर जागा मोकळी होती, तरी त्यांनी उजवा बारकाच काढला आणि पहिल्याला खेटवला.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शालूबाई हात पुसत बाहेर आल्या. याच शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली बाई, जुन्या भिंतीच्या काळातली. त्यांनी मान वर केली आणि एकेका अक्षरावर बोट दाखवत, लावून लावून वाचलं.

"जिल्हा... परिषद... प्राथमिक... शाया."

"शाळा हो, शालूबाई," पुष्पांजली मॅडम हसून म्हणाल्या.

भाऊंनी शिडीवरून खाली पाहिलं.

"बराबर वाचलं त्याईनं," ते म्हणाले. "तसंच लिहिलं हाये."